वांती थांबविणारे इंजेक्शन : उपयोग आणि दक्षता

वांती ही मुळात व्याधी नव्हे. शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी योजलेली ती एक क्रिया होय. सडलेले अन्न, विषारी वनस्पती किंवा प्रमाणाबाहेर घेतलेले मद्य पोटात गेले, तर ते आल्या वाटेने बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने मनुष्याला, कुत्र्याला आणि मांजराला दिली आहे. ती सर्व प्राण्यांना लाभलेली नाही. उंदराला व घोड्याला वांती करता येत नाही. पोटात गेलेले विष उंदराला बाहेर टाकता येत नाही, ते यामुळेच.

परंतु रक्षणासाठी योजलेली ही क्रिया पुष्कळदा अस्थानी सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरत असताना, कर्करोगावरील तीव्र औषधे शरीरात गेल्यावर, गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत, किंवा घाटातील वळणावळणाच्या रस्त्याने प्रवास करताना पोटात बाहेर टाकण्याजोगे काही नसूनही ओकाऱ्या येत राहतात. त्यायोगे शरीरातील पाणी व क्षार कमी होतात, शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर ताण पडतो, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या बाबतीत तर ओकलेले द्रव्य श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अशा वेळी ओकारी थांबविणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते.

येथे एक साधी अडचण उभी राहते. ज्याच्या पोटात काही ठरत नाही, त्याला गोळी देऊन काय उपयोग? गोळीही बाहेर पडणार. म्हणून औषध स्नायूत किंवा रक्तवाहिनीत सुईने सोडले जाते. या पद्धतीस शास्त्रीय परिभाषेत अंतःक्षेपण म्हणतात. व्यवहारात तिला इंजेक्शन हेच नाव रूढ आहे. इंजेक्शनाचा गुण असा, की औषध जठराला टाळून थेट रक्तात पोचते. त्याचा धोकाही नेमका याच गुणात आहे. गोळी सावकाश विरघळते, तिचा परिणाम हळूहळू चढतो. रक्तात सोडलेले औषध मात्र परत घेता येत नाही. यास्तव कोणते औषध द्यावे एवढाच प्रश्न येथे पुरेसा नसतो. ते कोणत्या मार्गाने, किती वेगाने, किती मात्रेत आणि कोणाला दिले जात आहे, यावर हिताहित अवलंबून असते.

ओकारीचे चार मार्ग

ओकारी पोटात होते असे वाटत असले, तरी तिची आज्ञा मेंदूतून सुटते. मेंदूचा जो भाग खाली पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जोडलेला असतो, त्यास लंबमज्जा म्हणतात. एच. एल. बोरिसन आणि एस. सी. वांग या अमेरिकेत कार्य करणाऱ्या शरीरशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले, की लंबमज्जेच्या पृष्ठभागावर एक लहानसा भाग रक्तातील विषांची चाहूल घेण्याचे काम करतो. मेंदूच्या बहुतेक भागांना रक्तातील परकीय द्रव्यांपासून वाचविणारा एक अडसर असतो. या भागापाशी तो सैल आहे. पहारेकऱ्याची चौकी तटाच्या बाहेर असावी, तशीच ही योजना होय.

या चौकीखेरीज आणखी तीन ठिकाणांहून वर्दी येते. जठर व आतडे यांच्याकडून ती प्राणेशा नावाच्या लांब मज्जातंतूने येते. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णाकडून येते. आणि मेंदूच्या वरच्या भागांकडून, म्हणजे भीती, किळस, दुर्गंध किंवा केवळ आठवण यांच्याद्वारेही येते. एखाद्या कर्करोग्याला रुग्णालयाची पायरी चढतानाच मळमळू लागते, ते या चौथ्या मार्गाने.

प्रत्येक मार्गावर निरोप पोचविणारी रासायनिक द्रव्ये निराळी आहेत. आतड्याच्या मार्गावर मुख्यतः सेरोटोनिन काम करते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असते. लंबमज्जेतील चौकीवर डोपामिनचे महत्त्व मोठे आहे. अंतःकर्णाच्या मार्गावर हिस्टामिन व अ‍ॅसिटिलकोलीन ही द्रव्ये निरोप नेतात. मज्जापेशींवर या द्रव्यांना बसण्याच्या ठरावीक जागा असतात. कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवली, की खरी किल्ली आत जात नाही. त्याचप्रमाणे वांतिरोधक औषध ती जागा अडवून बसते आणि निरोप पुढे जात नाही. म्हणूनच बस लागणाऱ्या प्रवाशाला उपयोगी पडणारे औषध कर्करोग्याला पुरे पडत नाही.

औषधांची परंपरा

या औषधांपैकी जुने म्हणजे प्रोमेथाझिन. फ्रान्समधील रोन-पुलांक या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए या रसायनशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले. ते प्रामुख्याने हिस्टामिनची जागा अडविते. त्याने झोप येते, आणि प्रवासातील मळमळीवर त्याचा चांगला उपयोग होतो. १९६४ साली फ्रान्समध्येच जुस्तँ-बेझाँसाँ व लाव्हिल यांनी मेटोक्लोप्रामाइडचे वर्णन प्रसिद्ध केले. ते डोपामिनची जागा अडविते आणि जठर पुढच्या दिशेने रिकामे होण्यासही साह्य करते.

१९७८ साली अमेरिकेत सिस्प्लाटिन हे कर्करोगावरील औषध मान्य झाले. काही कर्करोगांत त्याने पूर्वी अशक्य वाटणारे यश मिळवून दिले. परंतु प्रतिबंधक उपाय न केल्यास ते घेणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्णांना ओकाऱ्या होत. त्या इतक्या तीव्र असत, की बरे होण्याची आशा असतानाही काही रुग्ण उपचार अर्धवट सोडून देत. अशा औषधांनी आतड्यातील पेशी दुखावल्या, की त्यांतून सेरोटोनिन बाहेर पडते व प्राणेशेमार्फत मेंदूला वर्दी जाते, हे उमगल्यावर ती वाट अडविणारे औषध शोधण्यात आले. ऑन्डॅन्सेट्रॉन हे त्याचे नाव. १९९१ च्या आरंभी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पुढे ग्रॅनिसेट्रॉन आणि अधिक काळ टिकणारे पॅलोनोसेट्रॉन ही त्याच कुळातील औषधे आली. डेक्सामेथासोनची जोड दिल्यास त्यांचा गुण वाढतो. भारताच्या २०२२ सालच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत ऑन्डॅन्सेट्रॉन व मेटोक्लोप्रामाइड या दोहोंच्या इंजेक्शनांचा समावेश आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाला हे इंजेक्शन द्यावे काय? या प्रश्नाचे उत्तर अंकगणिताने मिळाले. जर्मन भूलतज्ज्ञ क्रिस्टियान आप्फेल व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली चार खुणा सांगितल्या : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर ओकारी झालेली असणे किंवा प्रवासात वाहन लागणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूच्या कुळातील वेदनाशामके द्यावी लागणे. यांपैकी एकही खूण नसेल, तर शंभरांत सुमारे दहांना मळमळ किंवा ओकारी होते. चारही असतील, तर सुमारे ऐंशींना.

त्याच संशोधकांच्या पुढाकाराने झालेली मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येक औषध संभाव्य त्रास सुमारे २६ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याने, कमी करते असे आढळले. आता हिशेब पाहा. ज्या शंभर जणांत ऐंशींना त्रास व्हायचा, त्यांत एका औषधाने सुमारे वीस जण वाचतात. ज्या शंभरांत दहांनाच व्हायचा, त्यांत दोघे किंवा तिघे वाचतात. आणि औषधाच्या दुष्परिणामांचा संभव मात्र शंभरही जणांना पत्करावा लागतो. म्हणून ज्याला धोका अधिक त्याला आगाऊ औषध, गरज पडल्यास दोन निरनिराळ्या कुळांतील औषधे, असा नियम रूढ झाला.

एका हाताची किंमत

मार्गाचे महत्त्व किती, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून जगाला कळले. डायना लेव्हाईन या व्हर्माँट राज्यातील संगीतकार होत्या. वाद्ये वाजविणे हाच त्यांचा व्यवसाय. २००० सालच्या एप्रिलमध्ये अर्धशिशी व मळमळ यांसाठी त्यांना प्रोमेथाझिनचे इंजेक्शन प्रथम स्नायूत देण्यात आले. त्याने उतार पडला नाही. त्या पुन्हा गेल्या, तेव्हा तेच औषध हाताच्या नीलेत, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत, सिरिंजने थेट सोडण्यात आले. ते रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून हाताकडे रक्त आणणाऱ्या वाहिनीत, पोचले. प्रोमेथाझिनचा द्रव आम्लधर्मी व दाहक असतो. नीलेत गेलेले औषध वाढत्या रुंदीच्या वाहिन्यांतून पुष्कळ रक्तात मिसळत जाते. रोहिणीत गेलेले औषध मात्र अरुंद होत जाणाऱ्या वाहिन्यांतून थेट बोटांच्या टोकांकडे ढकलले जाते. रक्तप्रवाह खुंटला, हात सडू लागला. प्रथम पंजा आणि नंतर कोपराखालचा हात कापून टाकावा लागला.

हे प्रकरण औषध बनविणाऱ्या वायथ कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मार्च २००९ रोजी न्यायालयाने लेव्हाईन यांच्या बाजूने निर्णय दिला. वेष्टनपत्रिकेत रोहिणीतील धोक्याची सूचना होती; परंतु सिरिंजने थेट नीलेत औषध सोडण्याची पद्धत तीत वर्ज्य केलेली नव्हती, हा वादाचा गाभा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या इंजेक्शनावर चौकटीतील ठळक इशारा छापण्याची आज्ञा दिली : औषध रोहिणीत किंवा त्वचेखाली मुळीच देऊ नये, स्नायूत खोलवर देणे हाच श्रेयस्कर मार्ग होय. २०२३ च्या डिसेंबरात सूचना आणखी कडक झाली. नीलेत देणे अपरिहार्यच असेल, तर ते पातळ करून, मोठ्या नीलेतून, सलाइनप्रमाणे सावकाश द्यावे असे सांगण्यात आले. सुई टोचताना किंवा नंतर रुग्णाने आग किंवा वेदना होते असे म्हणताच इंजेक्शन तत्क्षणी थांबविणे आवश्यक आहे.

वेग आणि मात्रा

मेटोक्लोप्रामाइड नीलेत झपाट्याने सोडले, तर रुग्णाला एकाएकी विलक्षण अस्वस्थता वाटते. उठून पळून जावे असे त्यास होते. म्हणून ते निदान तीन मिनिटे घेऊन हळूहळू द्यावे असा नियम आहे. मुलांना व तरुणांना याच औषधाने कधीकधी मान वाकडी होणे, जबडा आवळणे, डोळे वर फिरून तेथेच राहणे असे विकार होतात. पाहणारे ते फेफरे किंवा धनुर्वात समजून भयभीत होतात. वस्तुतः तो डोपामिनची जागा अडविल्याचा परिणाम असतो व योग्य प्रतिकारक औषधाने लवकर ओसरतो. मात्र औषध महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास तोंड व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडण्याचा संभव असतो. २००९ साली अमेरिकेने याविषयी ठळक इशारा दिला. युरोपच्या औषध संस्थेने २०१३ साली प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम व पाच दिवस अशी मर्यादा घालून दिली. कंपवाताच्या रोग्यांना आणि आतड्यात अडथळा असलेल्यांना हे औषध वर्ज्य आहे.

ऑन्डॅन्सेट्रॉनने झोप येत नाही, अंग वाकडे होत नाही. डोकेदुखी व मलावरोध हेच त्याचे सामान्य दोष. तथापि मोठ्या मात्रेत ते हृदयाच्या विद्युत्‌ क्रियेत विलंब घडविते आणि त्यातून क्वचित प्राणघातक अनियमित ठोके सुरू होतात. म्हणून पूर्वी एकाच वेळी नीलेत दिली जाणारी ३२ मिलिग्रॅमची मात्रा २०१२ साली रद्द झाली आणि एका वेळी १६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये असे ठरले. ७५ वर्षांवरील रुग्णांसाठी पहिली मात्रा ८ मिलिग्रॅमच्या वर नसावी अशी सूचना पुढे युरोपात निघाली. ड्रोपेरिडॉलवर अशाच कारणाने २००१ साली इशारा आला होता. आणि डोम्पेरिडोनचे इंजेक्शन तर हृदयावरील घातक परिणामांमुळे १९८० नंतरच्या दशकातच मागे घेण्यात आले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सतत ओकल्याने रक्तातील पोटॅशियम कमी होते, आणि पोटॅशियम कमी असलेले हृदय अशा औषधांनी अधिक लवकर बिघडते. ज्याला औषधाची निकड अधिक, त्याच्याच हृदयाला धोकाही अधिक. म्हणून बराच काळ ओकाऱ्या होत असलेल्या रुग्णाचे क्षार तपासून ते भरून काढणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

बालके आणि गर्भवती

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील बालकांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवल्याचे आढळल्यामुळे २००४ साली त्या वयात ते देऊ नये असा इशारा देण्यात आला. मेटोक्लोप्रामाइड एक वर्षाखालील बालकांना वर्ज्य आहे.

गर्भारपणातील मळमळीच्या औषधांवर थॅलिडोमाइडची छाया आजही आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेली ही गोळी झोपेसाठी व गर्भवतींच्या मळमळीसाठी घेतली जाई. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेतली जाईपर्यंत जगात सुमारे १०,००० बालके हातपाय खुरटलेली किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मली होती. तेव्हापासून गर्भवतीला द्यावयाच्या प्रत्येक औषधाची कसून छाननी होते. उलट औषधाच्या भीतीने तीव्र वांती तशीच सोसत राहणेही हितावह नाही. अन्नपाणी काहीच न ठरणाऱ्या गर्भवतीला सलाइनची व वांतिरोधक इंजेक्शनाची गरज असू शकते. अशा स्त्रीला साखरेचे सलाइन लावण्यापूर्वी थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. न दिल्यास मेंदूला गंभीर इजा पोचण्याचा संभव असतो.

सुईची गरज आहे काय?

सुईवाचून काय साधते, याचा मोठा धडा भारताच्या भूमीवरच मिळाला. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. नीलेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार यांचे पाणी नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. हगवणीसोबत ओकणाऱ्या मुलाविषयी आजचा नियमही तोच आहे : मूल ओकले तर दहा मिनिटे थांबावे आणि मग क्षारसाखरेचे पाणी चमच्याचमच्याने, पूर्वीपेक्षा सावकाश पाजावे. बहुतेक मुलांना एवढे पुरते.

औषध द्यावेच लागले, तरी सुई लागतेच असे नाही. अमेरिकेत शिकागो येथे जठर व आतडे यांच्या दाहाने ओकणाऱ्या मुलांवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. जिभेवर विरघळणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनच्या एका गोळीने पाणी पाजण्याच्या काळात ओकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३५ वरून १४ वर, आणि सलाइन लावावे लागणाऱ्यांचे शेकडा ३१ वरून १४ वर आले.

सुईचा आणखी एक धोका औषधाशी निगडित नाही. जगात दरवर्षी सुमारे १६०० कोटी इंजेक्शने दिली जातात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितला. त्यांतील पुष्कळशी अनावश्यक असतात. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यास ब व क प्रकारची कावीळ आणि एड्सचे विषाणू पसरतात. म्हणून सिरिंज नवी आहे व ती आपल्यासमोर वेष्टनातून काढली गेली, हे पाहण्याचा प्रत्येक रुग्णाला अधिकार आहे.

शेवटी, ओकारी हे पुष्कळदा दुसऱ्याच विकाराचे चिन्ह असते. ओकारीत रक्त किंवा हिरवे पित्त येणे, पोट फुगून कडक होणे, डोक्याला मार लागल्यावर ओकाऱ्या सुरू होणे, विषबाधेची शंका असणे, मान ताठणे, लघवी बंद होणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ इंजेक्शन घेऊन घरी परतणे घातक ठरेल. चिन्ह दबते आणि मूळ रोग आत वाढत राहतो. कारण शोधण्यासाठी रुग्णाला रुग्णालयात नेलेच पाहिजे.

रुग्णाने व त्याच्या घरच्यांनीही काही माहिती आपण होऊन सांगावी : पूर्वी कोणत्या औषधाने मान वाकडी झाली किंवा पुरळ उठले होते काय, हृदयविकार किंवा कंपवात आहे काय, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, स्त्री असल्यास गर्भ आहे काय. औषधाचे नाव विचारून ते लिहून ठेवावे. झोप आणणारे इंजेक्शन घेतल्यावर त्या दिवशी वाहन चालवू नये. आणि सुई आत असताना हाताला आग होऊ लागली, तर संकोचाने गप्प न बसता त्याच क्षणी सांगावे; कारण ती वेदना पहिल्याने जाणवते ती रुग्णालाच.